लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना : रोज या कामात असणाऱ्यांचे अनुभव

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि कार्यालय ठरल्याबरोबर पुढचा फोन फोटोग्राफरला जातो. कार्यालय आधी बघून येता येतं, आचाऱ्याच्या हातची चव घेता येते. फोटोग्राफरचं काम मात्र लग्न उरकल्यावरच हाती येतं आणि बिघडलं तर अंतरपाट पुन्हा धरता येत नाही. या क्षेत्रातल्या माणसांनी इथे नेमकं लिहावं : काय बघायचं, काय विचारायचं, घोळ कुठे होतो. 'छान माणूस आहे, वेळेवर येतो' एवढ्याने कुणाचं काम भागत नाही.

कॅन्डिड फोटोग्राफर, पुणे

इन्स्टाग्रामवरचे तीस फोटो तीस लग्नांमधले असू शकतात. म्हणून एकाच लग्नाचे सगळे फोटो मागा, गौरीहरापासून झालीपर्यंत, निदान चार-पाचशे. आणि ते लग्न तुमच्यासारख्याच जागेतलं असू द्या. लॉनवर संध्याकाळच्या उजेडात सुंदर काम करणारा माणूस कमी उंचीच्या बंद हॉलमध्ये, ट्यूबलाइट आणि रंगीत एलईडीच्या मिश्र उजेडात अडखळू शकतो.

त्या संचात मी आधी अंतरपाट दूर होतानाचे फोटो काढून बघतो. शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट बाजूला जातो, चारही बाजूंनी अक्षता पडतात आणि नेमके त्याच वेळी मामा-करवल्या पुढे सरकतात. सगळं मिळून पाच-सात सेकंद. एकटा फोटोग्राफर बाजूला उभा राहिला तर दोघांचे अर्धे चेहरे मिळतात. नवरदेवाच्या खांद्यामागून घेतलं तर नवरी मिळते, नवरदेव जातो. दोघांचे समोरून चेहरे हवेत तर दोन कॅमेरे लागतातच. कॅमेऱ्याजवळून पडणाऱ्या अक्षता फ्लॅशमध्ये पांढरे धब्बे होऊन येतात, आणि फोकस मुंडावळ्यांवर अडकला तर डोळे धूसर राहतात. हे फोटो मोठे करून बघा, मोबाइलच्या पडद्यावर कळत नाही.

दुसरी परीक्षा लाजाहोमाची. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ धुरावर मारला की सगळं दुधाळ दिसतं. जाणकार माणूस उजेड बाजूने देतो. हळदीचे फोटोही जरूर बघा. पिवळा मंडप, पिवळे कपडे आणि अंगाला हळद, यात त्वचेचा रंग ओळखीचा राहिला असेल तर त्या माणसाला रंग कळतो. स्टेजमागे एलईडीचा पडदा असेल तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात का तेही तपासा. दिव्यांची लुकलुक आणि शटरचा वेग यांचा मेळ बसला नाही की ते येतात आणि नंतर सहसा नीट जात नाहीत.

स्टुडिओचं बुकिंग सांभाळणारी, नाशिक

मोठ्या मुहूर्ताला एक स्टुडिओ एकाच दिवशी तीन-चार लग्नं घेतो. त्यात वावगं काही नाही, पण तुम्ही ज्याचं काम बघून पैसे दिले तो कुठल्या लग्नाला जाणार, हे लेखी घ्या. करारात 'मुख्य फोटोग्राफर' असं लिहून पुढे नाव हवं, आणि नमुनाही त्याच नावाचा हवा. 'आमची टीम येईल' या वाक्यावर सही करू नका. तो आजारी पडला तर कोण येणार, हेही तिथेच लिहून घ्या.

तीनशे पाहुण्यांच्या लग्नाला एक ट्रॅडिशनल (स्टेजवरचे, पोझ देऊन घेतलेले फोटो काढणारा), एक कॅन्डिड (नकळत, सहज क्षण टिपणारा) आणि एक व्हिडिओवाला, याखाली उतरू नका. भेटायला रांग लागली की ट्रॅडिशनलवाला दीड-दोन तास स्टेजवरून हलू शकत नाही. तेवढ्या वेळात पंगत, आजी-आजोबा, घास भरवणं हे टिपायला कुणीतरी मोकळं पाहिजे.

'एक दिवस' म्हणजे किती तास, ते विचारा. कुणाचे आठ, कुणाचे बारा. आदल्या संध्याकाळचं सीमांतपूजन वेगळा दिवस धरतात. मुलाचं घर दुसऱ्या गावी असेल तर माप ओलांडण्याच्या वेळी कॅमेरा असेल का, गाडीभाडं कुणाचं, हे बोलायचं राहून जातं आणि मग वरात निघताना वाद होतो.

फोटो-एडिटर, ठाणे

कॅमेरा कुठल्या कंपनीचा, हे विचारून काही कळत नाही. विचारायचं ते हे : कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डं लागतात का, आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर एकदम लिहिला जातो का? कार्ड कधीही मरतं, नवंसुद्धा. दुसरा प्रश्न : कार्ड फॉरमॅट कधी करता, म्हणजे पुसून रिकामं कधी करता? बरोबर उत्तर एकच. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत उतरवून, ती उघडून बघून, आणि एक डिस्क दुसऱ्या जागी ठेवल्यावर. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क एकाच बॅगेत असतील तर ती बॅग गाडीत विसरली की दोन्ही प्रती जातात.

आकड्यांचा अंदाज असू द्या. 24 मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) साधारण 25 ते 30 एमबीची. तीन हजार फोटो म्हणजे 75 ते 90 जीबी, तेही एका कॅमेऱ्याचे. व्हिडिओ सेकंदाला 100 मेगाबिटने घेतला तर तासाला 45 जीबी. म्हणून स्वतःची 2 टीबीची डिस्क द्या आणि आठ दिवसांत सगळे न सुधारलेले जेपीजी त्यावर मागा. रॉ फाइल बरेच जण देत नाहीत, ते समजण्यासारखं आहे. जेपीजी द्यायलाही कुणी कां-कूं करत असेल तर मी तिथे बुकिंग करणार नाही.

व्हिडिओ करणारा, कोल्हापूर

आवाज विचारा! कॅमेऱ्याच्या माइकवर मंगलाष्टकं म्हणजे भोंग्याचा घुमारा असतो. गुरुजींना कॉलर माइक लावायचा किंवा साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट तार घ्यायची. दहा मिनिटांचं काम आहे.

ड्रोनचं पॅकेज घेत असाल तर 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे कागद बघा. 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो आणि धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र. लॉन विमानतळाजवळ असेल, जसं पुण्यात लोहगावच्या बाजूला, तर डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघूनच पैसे द्या. बंद हॉलमधल्या लग्नाला ड्रोन घेण्यात अर्थ नाही.

अल्बम डिझाइन करणारी, छत्रपती संभाजीनगर

'तीस शीट' म्हणजे साठ पानं. 12×36 इंची शीटवर सरासरी चार-पाच फोटो नीट बसतात, म्हणजे 120 ते 150 फोटो निवडून द्यायचे. 300 फोटो दिलेत तर चेहरे नखाएवढे होतात. घडीवर कुणाचाही चेहरा येता कामा नये, हे डिझाइन मंजूर करताना पानन्‌पान बघा. छापण्याआधी एका शीटचा खरा प्रिंट मागा. शालूचा लाल रंग पडद्यावर वेगळा आणि कागदावर वेगळा येतो.

एक गोष्ट घरच्यांनाही सांगते. पुष्कळ अल्बम निवडीपाशीच अडकतात. दोन्हीकडची माणसं फोटो पाठवतच नाहीत आणि सहा महिने निघून जातात. 'निवड दिल्यापासून 45 दिवसांत अल्बम' असं करारात लिहा, म्हणजे दोन्ही बाजू बांधल्या जातात.

ग्राहक तक्रारींचं काम करणारे वकील, मुंबई

पैसे तीन टप्प्यांत द्या : ठरवताना 30 टक्के, लग्नाच्या दिवशी 40, उरलेले अल्बम हातात आल्यावर. लग्नाच्या रात्रीच सगळे दिले की तुमचा तगादा कुणाला लागत नाही. पावती घ्या, निदान बँकेतून पाठवा.

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, फोटो काढायला सांगणारा ग्राहक असतो. म्हणून करारातली बारीक अक्षरं वाचा. 'सर्व हक्क स्टुडिओकडे' असं वाक्य बरेचदा तिथेच सापडतं. तुमचे फोटो जाहिरातीत वापरायला हरकत असेल तर तसं लेखी द्या. काम नीट झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. मात्र तिथे करार, पावती आणि मेसेज लागतात. तोंडी बोलणं सिद्ध करणं फार कठीण जातं.

मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक, सातारा

ग्रुप फोटोंची यादी आधी लिहून द्या. एका ग्रुपला दोन मिनिटं धरली तर पंधरा ग्रुपला अर्धा तास जातो, आणि जेवायची घाई झाली की नेमका आत्याबाईंचा ग्रुप राहतो. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस हाका मारायला नेमा, ज्याला सगळे नातेवाईक चेहऱ्याने ओळखू येतात असा. शिवाय फोटोग्राफर आणि गुरुजी यांची सकाळी दहा मिनिटं गाठ घालून द्या. कन्यादानाला आणि सप्तपदीला कुठे उभं राहिलं तर चालेल, हे गुरुजीच सांगतील.