उत्तर: उत्तर: मदत फॉर्म, रकाना ७ – डिस्चार्ज कार्ड नसेल तर?

सातपूरकर ताई
नमस्कार मंडळी, भावाच्या करोनानंतर न सुटलेल्या आजारपणासाठी (लाँग कोविड म्हणतात ते) आपल्या अमेरिकेतल्या मंडळाच्या मदत निधीचा फॉर्म रविवारच्या आत द्यायचाय म्हणून थेट विचारते. रकाना ७ मध्ये "डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडावी" असं आहे. भावाकडे ते नाही, कारण तो ॲडमिटच झाला नव्हता. एप्रिल २०२१ ला नाशकात बेड होते कुठे? एचआरसीटीचा (छातीच्या स्कॅनचा) स्कोअर २५ पैकी ९ आला, ऑक्सिजन ९४, "घरीच राहा" म्हणाले, राहिला. तो रिपोर्टही व्हॉट्सॲपवरचा फोटो आहे, खालून कापलेला. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म परत येतो का? मागे कुणाचा तरी आला होता.

खजिनदार
येतो. रकाना ७ सक्तीचा आहे. २०२१ च्या सभेचं इतिवृत्त काढून बघा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या वेळी कागदांवरून जे झालं त्यानंतर कागदाशिवाय एक डॉलर हलणार नाही, असं सगळ्यांनीच हात वर करून ठरवलं. नियम मी केलेला नाही, मी फक्त सांभाळतो.

पंचवटीकर
काका, तेव्हा बिलं होती बेडची आणि इंजेक्शनांची. आता जे आजारी आहेत त्यांच्याकडे हॉस्पिटलचं बिलच नाही, हाच तर घोळ आहे. ताई, भावाचं काय चाललंय ते जरा लिहा ना. नवीन लोकांना माहीत नाही.

सातपूरकर ताई
लिहिते. सातपूर एमआयडीसीत एका व्हेंडरकडे सीएनसी (संगणकावर चालणारं कातकामाचं मशीन) ऑपरेटर. बरा होऊन कामावर गेला, पहिली शिफ्ट नीट काढली आणि दुसऱ्या दिवसापासून अंथरुणाला खिळला. आठवड्याने परत गेला, परत तेच. मग डोकं चालेना. टूल ऑफसेट (हत्याराचं माप) टाकताना शून्य पॉइंट पाचच्या जागी पाच टाकलं, टूल जॉबवर आपटलं. पंधरा वर्षं मशीनवर काढलेला माणूस! त्यानंतर पॅकिंगला टाकलं, पगार हेल्परचा. पॅकिंगही उभ्यानेच. स्टूल मागितलं तर "एकाला दिलं की सगळे मागतील."

ईएसआयचा (कामगार विम्याचा) आजारपणाचा भत्ता म्हणजे पगाराच्या ७० टक्के, तोही वर्षाला ९१ दिवसच. पुढे ८० टक्के दोन वर्षांपर्यंत मिळतो, पण त्याला ३४ आजारांची यादी आहे. टीबी आहे, कॅन्सर आहे, हा नाही. मेडिक्लेम काढला होता, पण ॲडमिट नाही तर क्लेम नाही. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं खिशातून केलं आणि सगळं नॉर्मल. एकेक नॉर्मल रिपोर्ट आला की सुपरवायझर म्हणणार, "बघा, काही झालेलं नाही." वहिनी पहाटेपासून डबे करते. मंगळसूत्र सोडून बाकी सोनं पतसंस्थेत आहे.

सिडकोवाले काका
ताई, राग मानू नका. करोना जाऊन किती वर्षं झाली! घरात बसलं की माणूस आणखी बसतो. रोज पहाटे सोमेश्वरच्या देवळापर्यंत चालत जायला सांगा, अर्धा तास प्राणायाम. मला टायफॉइड झाला होता तेव्हा मी पंधराव्या दिवशी सायकलवर सीबीएस स्टँडला कामाला हजर. आम्हाला कुठे कोण फंड देत होतं?

डॉक्टरवहिनी
काका, टायफॉइडचं राहू द्या. ह्या आजारात नेमकं हेच उलटं पडतं. झेपेल त्याच्या पलीकडे काम केलं की लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस कोसळतो. ताईंनी पहिल्या शिफ्टचं लिहिलंय ते वाचा परत. अशा पेशंटला "चालायला लागा, रोज थोडं वाढवा" म्हणणं म्हणजे त्याला खाली ढकलणं. शक्ती मोजून वापरायची, दमायच्या आधी थांबायचं.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्याख्या दिली: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनीही असणारी, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या निदानात न बसणारी लक्षणं. दम, थकवा, विसरणं. ॲडमिट झालेलं असायला हवं, असं त्यात कुठेही नाही.

ताई, मेलवरून निदान करत नाही, पण एक करा. भावाला दहा मिनिटं आडवं झोपवून नाडी मोजायची, मग भिंतीला टेकून उभं करून दहा मिनिटांत दर मिनिटाला मोजायची. वहिनींनी शेजारी थांबायचं, चक्कर येऊ शकते. तीसच्या वर वाढून तशीच राहिली तर ते आकडे लिहून फिजिशियनला दाखवा. हा पॉट्स नावाचा त्रास असू शकतो. झोपून काढलेल्या ईसीजीत हे दिसतच नाही.

निफाडकर
डॉक्टरवहिनींशी सहमत. आमच्या मामेभावाचं सांगतो. चार एकर द्राक्षबाग, थॉमसन. एप्रिलची खरड छाटणी चालू असताना करोना झाला, तोही घरीच. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला बागेत उतरला आणि तिसऱ्या ओळीत बसला तो उचलूनच आणावा लागला. आधी विरळणी, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) घरचे चार हात असायचे, आता सगळी मजुरी. फवारणीला ट्रॅक्टरवर बसला की रात्रभर छाती धडधडते. दोन हंगाम रेटले, तिसऱ्याला बाग वाट्याने दिली. सोसायटीचं पीककर्ज मात्र ह्याच्याच नावावर. आणि दिसायला एकदम ठणठणीत! गावात लोक म्हणतात, "पाटलाला आता खुर्चीची सवय लागली." त्याच्या बायकोने हळदीकुंकवाला जाणं बंद केलंय ह्या बोलण्यापायी.

गंगापूर रोडकर
भावना ठीक, पण कायद्याचं कुणी बोलत नाहीये. मंडळ ही परदेशी संस्था आहे. भारतातल्या व्यक्तीला आपण थेट पैसे पाठवले तर एफसीआरएचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याचा) प्रश्न येतो. वकील म्हणून मी हे दोन वर्षांपूर्वीही सांगितलं होतं, तेव्हा कुणी ऐकलं नाही.

खजिनदार
एफसीआरए मी बघतो, दरवर्षी बघतो. मंडळ पैसे सभासदाला इथेच देतं, म्हणजे ताईंना. ताई भावाला पाठवतील. भाऊ नातेवाइकांच्या व्याख्येत बसतो आणि २०२२ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत सरकारला कळवावंही लागत नाही. भावाला त्यावर इन्कम टॅक्सही नाही. शेजाऱ्याला वर्षात पन्नास हजारांच्या वर दिले असते तर लागला असता. तेव्हा तो विषय बंद. प्रश्न रकाना ७ चा आहे.

पंचवटीकर
मग रकाना ७ वरच बोलते. सिडकोवाले काका, मी दोन वर्षं मंडळात दिसले नाही ते कशामुळे, तुम्हाला वाटलं असेल गणपतीतल्या भांडणामुळे. मलाही हेच झालंय. इथे अमेरिकेत जुलै २०२१ मध्ये सरकारने सांगितलं की हा आजार अपंगत्वाच्या कायद्यात बसू शकतो. आजाराला निदानाचा स्वतंत्र कोड मिळाला ऑक्टोबर २०२१ ला, यू०९.९. मी त्याच्या आधीची, माझ्या फाइलवर नुसता "थकवा". विमावाल्यांनी "वस्तुनिष्ठ पुरावा" मागितला आणि भत्ता थांबवला. बारा आठवड्यांची रजा मिळाली, बिनपगारी. मग नोकरी गेली आणि नोकरीबरोबर विमाही. आत्ता हे मेल मी तीन बैठकीत लिहितेय. तेव्हा डिस्चार्ज कार्ड मागताना जरा विचार करा. जो आयसीयूत गेला त्याच्याकडे फाइल आहे. जो घरी झोपून राहिला त्याच्याकडे फक्त गेलेली नोकरी आहे.

सिडकोवाले काका
मी कुणाला कामचुकार म्हटलेलं नाही. प्राणायाम वाईट आहे असं तरी कुणी म्हणू नये. आणि गणपतीतलं भांडण मी सुरू केलं नव्हतं, ते स्पीकरवरून झालं.

डॉक्टरवहिनी
प्राणायाम वाईट नाही काका, पहाटे सोमेश्वर वाईट आहे.

सातपूरकर ताई
काल रात्री वहिनीने मोजली. झोपून ७८, उभं राहिल्यावर सातव्या मिनिटाला ११८, मग तो खालीच बसला. उद्या कॉलेज रोडच्या फिजिशियनकडे जाणार आहेत. खजिनदारकाका, त्यांनी लिहून दिलं तर चालेल का? आणि त्याच पत्रात "बसून काम द्यावं" असंही लिहून घेणार आहे, कारखान्याला दाखवायला. शेवटी निधीचे पैसे तरी किती दिवस पुरणार?

खजिनदार
कार्यकारिणीतल्या पाचही जणांशी फोनवर बोललो. रकाना ७ आता असा: "डिस्चार्ज कार्ड, किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र, ज्यात आजार कधीपासून आहे आणि कोणतं काम जमत नाही हे लिहिलेलं असेल." फक्त व्हॉट्सॲपचा फोटो चालणार नाही, ह्यावर मी ठाम आहे. निफाडकर, मामेभाऊ नातेवाइकांच्या त्या यादीत येत नाही, तुम्ही मला वेगळा फोन करा. नवीन फॉर्म संध्याकाळी टाकतो. जुना कुणी भरू नका.

सातपूरकर ताई
आभार. पत्र मराठीत असलं तर चालेल?

खजिनदार
चालेल. शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर हवा.