मायोर्कात सायकलवरून सुटी: साताऱ्याहून जाणाऱ्या दोघांना मार्गदर्शन हवे आहे

यवतेश्वर पहाट (सातारा)

नमस्कार. माझे वय ५४ आणि यजमानांचे ५७ आहे. गेली तीन वर्षे आम्ही दोघे नियमित सायकल चालवतो. दर रविवारी पहाटे राजवाड्यावरून निघून यवतेश्वरचा घाट चढतो, अंगात बळ असेल त्या दिवशी कासपर्यंत जातो आणि ऊन तापण्याच्या आत घरी परततो. पुढच्या वर्षी लग्नाला तीस वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून स्पेनच्या मायोर्का बेटावर दहा दिवस सायकलने फिरण्याचे आम्ही ठरवत आहोत.

एप्रिल योग्य की मे, याचा निर्णय होत नाही. एकाच गावी मुक्काम ठेवून रोज वेगवेगळ्या दिशेने जावे की सामान बांधून गावोगावी फिरावे, हाही प्रश्न आहे. आमच्या सायकली हायब्रिड प्रकारच्या आहेत. त्या विमानाने नेणे शहाणपणाचे ठरेल की तेथे भाड्याने घ्याव्यात? यजमानांचा उजवा गुडघा लांबच्या चढावर दुखतो आणि आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, त्यामुळे ज्यांनी तो प्रदेश स्वतः सायकलने पाहिला आहे त्यांनी या दोन्ही गोष्टी लक्षात घेऊन सविस्तर लिहिल्यास फार उपकार होतील.

पसरणी घाट (वाई)

ताई, प्रथम तुमचे मनापासून अभिनंदन. मी २०२३ साली एप्रिलमध्ये बारा दिवस तेथे होतो.

महिना एप्रिलच ठेवा, शक्यतो दुसऱ्या पंधरवड्याचा. त्या दिवसांत दुपारचे तापमान वीस अंशांच्या आसपास असते आणि संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड राहतो, त्यामुळे आपल्याकडच्यासारखे पहाटे पाचला उठून उन्हाशी शर्यत लावावी लागत नाही. मे महिन्यातही हवा चांगली असते; परंतु जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या पुढे जातो आणि रस्त्यावर पर्यटकांच्या मोटारी वाढतात.

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ३,६४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याच्या जेमतेम एक तृतीयांश आहे. उत्तरेकडे पोर्ट दे पोयेन्सा किंवा आल्कुदिया येथे राहिलात, तर एका बाजूला त्रामुंतानाची डोंगररांग आणि दुसऱ्या बाजूला मधला सपाट मुलूख असे दोन्ही हाताशी येते. ही डोंगररांग २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाली. तिचा मान केवळ निसर्गासाठी नाही, तर शेकडो वर्षे दगडावर दगड रचून बांधलेल्या पायऱ्यांच्या शेतांसाठी आणि पाण्याच्या पाटांसाठीही आहे. जावळीच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला ती शेते पाहून आपल्या ताली आठवतात, निदान मला तरी आठवल्या.

आता सा कालोब्रा या समुद्राकडे उतरणाऱ्या घाटरस्त्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तेथे जाण्याचा मोह तुम्हालाही होणार. हा रस्ता आंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याने आखला आणि १९३२ च्या सुमारास तो तयार झाला. कोल देल्स रेइस या खिंडीपासून समुद्रापर्यंत तो साधारण साडेनऊ किलोमीटर उतरतो आणि त्याचा सरासरी उतार सात टक्के आहे. एका जागी तर रस्ता गोल वळसा घेऊन स्वतःच्याच खालून जातो. तेथील लोक त्या वळणाला टायची गाठ म्हणतात. पण लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की खाली गेल्यावर पुढे रस्ता नाही. जेवढे उतरलात तेवढे सगळे चढूनच परत यावे लागते. आपल्या नेहमीच्या घाटांत आधी चढ आणि मग परतीचा उतार असतो, त्यामुळे उतरताना दम राखून ठेवण्याची सवय आपल्याला नसते. शिवाय मुख्य रस्ता सोडल्यावर खिंडीपर्यंत दोन-अडीच किलोमीटरचा चढ आधीच झालेला असतो. पोयेन्साच्या बंदरावरून निघून परत येईपर्यंत शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. हे पहिल्या चार दिवसांत करू नका.

सायकली भाड्यानेच घ्याव्यात. मात्र एक अनुभव सांगतो. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. तिकडे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. मला हे पुस्तकी ज्ञान होते, तरी दुकानातून सायकल घेताना मी विचारले नाही आणि दुकानदारानेही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या ल्युकच्या मठाकडून उतरताना वळणावर एक बकरी आडवी आली. मी सवयीने डावा ब्रेक घट्ट दाबला, मागचे चाक उचलले गेले आणि मी कठड्याच्या दगडावर खांद्याने आदळलो. हाड मोडले नाही, पण दोन दिवस हात डोक्यावर नेता येत नव्हता. त्या दिवशी सकाळी दुकानाच्या अंगणात पाच मिनिटे सायकल फिरवून ब्रेक दाबून पाहिले असते, तर हे टळले असते.

कृष्णाकाठ (सांगली)

वरचा प्रतिसाद मोलाचा आहे, पण यजमानांच्या गुडघ्याचा विचार करता मी थोडे वेगळे सुचवेन. आम्ही सांगलीची माणसे सपाटीवर वाढलेली. हरिपूर, मिरज, फार तर दंडोबाचा डोंगर, एवढाच आमचा सराव. मायोर्कात गेल्यावर मला सर्वांत जास्त समाधान घाटांनी दिले नाही, तर सिनेऊ, पेत्रा आणि आसपासच्या गावांना जोडणाऱ्या अरुंद रस्त्यांनी दिले. दोन्ही बाजूंना कमरेएवढी दगडी भिंत, तिच्यापलीकडे बदामाची आणि ऑलिव्हची झाडे, अधूनमधून मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, आणि अर्धा तास एकही मोटार नाही. सिनेऊला बुधवारी बाजार भरतो, तो दिवस तेथे जाण्यासाठी राखून ठेवा. पेत्राच्या चौकात दुपारी सायकलस्वारांची एवढी गर्दी असते की भिंतीला टेकवायला जागा मिळत नाही. पहिले तीन दिवस याच भागात घालवले, तर डाव्या हाताच्या पुढच्या ब्रेकची आणि उजव्या बाजूने चालण्याची सवय गुडघ्याला ताण न देता होऊन जाईल.

उजव्या बाजूने चालण्यात चूक कोठे होते, तेही सांगते. वाहत्या रस्त्यावर सहसा होत नाही, कारण पुढची वाहने पाहून आपण बरोबर चालतो. चूक होते ती चहापाण्याला थांबून रिकाम्या रस्त्यावर पुन्हा निघताना, कारण तेव्हा पाय आपोआप डाव्या कडेला नेतात. गोल चौकातही वाहने आपल्या उलट दिशेने फिरतात आणि डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते. आम्ही दोघी मैत्रिणींनी नियम केला होता की प्रत्येक थांब्यानंतर निघताना मागच्या व्यक्तीने "उजवीकडे" असे मोठ्याने म्हणायचे.

सायकल नोंदवतानाच लहान गिअर मागा. कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच. त्यातली सर्वांत मोठी चकती ३२ किंवा ३४ दात्यांची असेल, तर चढावर पेडल हलके फिरते आणि गुडघा वाचतो. सीटची उंचीही घरच्या सायकलवर सेंटिमीटरमध्ये मोजून लिहून न्या. सीट थोडी खाली राहिली तरी लांबच्या चढावर गुडघ्याचा पुढचा भाग दुखू लागतो, आणि यजमानांचे दुखणे मुळात त्याच कारणाचे असू शकेल. ते आताच तपासून घ्यावे.

खाण्याबाबत एक सावधगिरी. बेकरीत एन्साइमादा नावाचा गोल वेटोळ्याचा, वरून साखर भुरभुरलेला पाव दिसेल. त्यात परंपरेने डुकराची चरबी असते आणि त्याचे नावही त्याच चरबीवरून आले आहे, म्हणून शाकाहारी माणसाने तो घेऊ नये. पा अंब ओली म्हणजे पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्हचे तेल घातलेला पदार्थ. तो मागताना मांस नको, फक्त चीज हवे, असे सांगावे लागते. बटाटा, वांगे आणि ढोबळी मिरची यांचे थर लावलेले तुंबेत मिळाले तर पोटभर जेवण होते. आम्ही तासगावचे बेदाणे दोन किलो नेले होते. जर्सीच्या मागच्या खिशात मूठभर टाकले की चाळीस किलोमीटरची सोय होत असे.

शाहूपुरी (सातारा)

कागदपत्रांचे मी लिहितो. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. पण एवढे थांबू नका. प्रौढांसाठी मूळ शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. त्यात सायकलवरील अपघात समाविष्ट आहे का, हे पॉलिसीच्या अटींमध्ये स्वतः वाचून घ्या, कारण घाटात सायकल चालवण्याला काही पॉलिसी साहसी खेळ मानतात.

तेथे गावाबाहेर हेल्मेट सक्तीचे आहे. मोटारीने सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि दोन सायकलींना शेजारी-शेजारी चालण्याची मुभा आहे. बोगद्यांसाठी पुढचा-मागचा दिवा हवाच. फोर्मेंतोरच्या दीपगृहाकडे जाताना वाटेत असा एक अंधारा बोगदा लागतो. सोयेरच्या मोठ्या बोगद्यात मात्र सायकलींना प्रवेश नाही, तेथे जुन्या घाटानेच जावे लागते. तो घाट शांत आहे, त्यामुळे त्यात नुकसान काहीच नाही.

यवतेश्वर पहाट (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कृष्णाकाठ ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आजच यजमानांच्या सीटची उंची मोजली. ती माझ्या सीटपेक्षा केवळ एक सेंटिमीटर वर निघाली, आणि ते माझ्याहून चार इंच उंच आहेत. तीन वर्षे हे आमच्या लक्षात आले नाही, याचे वाईट वाटले. आता थोडी थोडी वर घेत आहोत. पहिले तीन दिवस मधल्या सपाट भागातच ठेवू. पसरणी घाट दादा, सा कालोब्रा पूर्ण करण्याइतका सराव झाला आहे, हे येथे राहून कसे ओळखावे?

पसरणी घाट (वाई)

ताई, त्यासाठी पसरणीचाच उपयोग करा, पण उलटा. साताऱ्याहून सायकली मोटारीत घालून पाचगणीला या, तेथून वाईला उतरा, घाटाच्या पायथ्याशी अर्धा तास थांबून काहीतरी खा, आणि मग चढून परत पाचगणीला जा. पसरणीचा चढ सा कालोब्रापेक्षा सौम्य आहे, म्हणून एका सकाळी हे दोनदा जमले आणि दुसऱ्या दिवशी गुडघा दुखला नाही, तर निश्चिंत मनाने जा. एकदाच जमले, तर काइमारीहून ल्युकच्या मठाकडे जाणारा घाट निवडा. तो साधारण आठ किलोमीटरचा असून चढ पाच टक्क्यांच्या आसपास आहे, बराचसा झाडांच्या सावलीतून जातो आणि परतीला केवळ उतार असतो.

ब्रेकविषयी एक राहिले. आपल्या पद्धतीचे ब्रेक हवे असतील, तर सायकल नोंदवतानाच तसे लेखी कळवा. डिस्क ब्रेकच्या नळ्या बदलायला वेळ लागतो, ऐन वेळी दुकानात गर्दी असते आणि मग कोणी ते करून देत नाही.

येत्या रविवारी सकाळी सहाला मी पाचगणीच्या बाजूला घाटमाथ्यावर असेन. तुम्ही दोघे येणार असाल, तर येथेच कळवा. तुमच्या वहिनींना थालीपीठ बांधायला सांगतो.