मदत हवी आहे: दादाची १९ इंची चाकं, त्यावरचे बर्फाचे टायर आणि गुहागरचा पाऊस

चिरेबंदी:

नमस्कार मंडळी. टायरमधलं ज्यांना कळतं त्यांनी जरा वेळ काढून वाचा. मृगाच्या आत निर्णय घ्यायचाय.

गाडी जर्मन, सात सीटर, डिझेल, ताकद चारही चाकांना. पुण्याहून सेकंड हँड घेतली. नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की धागा ब्रँडच्या भांडणात जातो आणि प्रश्न राहतो बाजूला. आधीच्या मालकाने हौसेने २१ इंची चाकं बसवली होती, २८५/४० आर २१ (म्हणजे टायर २८५ मिमी रुंद, कडेची भिंत रुंदीच्या ४० टक्के, रिम २१ इंची). दिसतात झकास. वरातीला गाडी नेली की लोक नवरदेवाआधी चाकांचे फोटो काढतात.

गेल्या जुलैत रात्री आबलोलीकडून येताना पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. डावीकडची दोन्ही चाकं एकामागोमाग आत. पुढचं जागीच बसलं. बारकी स्टेपनी लावून घरी आलो, सकाळी बघतो तर मागच्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा. शृंगारतळीच्या पंक्चरवाल्याने पुढचं चाक मशीनवर चढवलं, रिमच्या आतल्या कडेशी स्क्रूड्रायव्हर टेकवून हळूहळू फिरवलं. अर्धा फेरा टोक घासत होतं, मग मध्येच करंगळी जाईल एवढी फट. म्हणाला, "रिम आतून बसली. आणि हा साइज मी जन्मात ठेवलेला नाय." कोल्हापूरहून टायर येईपर्यंत नऊ दिवस गाडीची मागची बाजू अंगणात जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर, खाली कोंबड्या. बाबा येताजाता ऐकवायचे, "बैलगाडी बरी, तिची धाव निदान लोहाराकडे मिळते."

आता मुद्दा. दादा स्टुटगार्टहून कायमचा परत आलाय. तिकडे त्याच्याकडे हेच मॉडेल होतं, पेट्रोल. गाडी विकली, पण हिवाळ्यातली चार चाकं सामानाच्या कंटेनरमधून आणली. २५५/५५ आर १९, टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, म्हणजे बर्फाच्या टायरची खूण. त्याचं म्हणणं, रबर मऊ आहे, खाचा भरपूर आहेत, तिकडे ओल्या रस्त्याला चिकटून चालतात, मग तुमच्या पावसाला का नको? मला हे अर्धं पटतं आणि अर्धं नाही.

आमचं फिरणं म्हणजे महिन्यातून एकदा बाबांच्या तपासणीसाठी कुंभार्ली घाटातून कऱ्हाड, आठवड्यातून दोनदा धोपावे-दाभोळ फेरीबोट (पावसात त्या उतारावर शेवाळ असतं, ज्यांनी गाडी चढवली आहे त्यांना सांगायला नको), बाकी बागेतला कच्चा रस्ता. चाकं बसतील का? बसली तर टायर हेच चालवू का?

राईनकाठ:

मी जर्मनीतच आहे, म्हणून दादांची बाजू आधी समजून घेतो. इथे "ऑक्टोबर ते ईस्टर" हे टायर लावायची रीतच आहे. पण हे रबर ७ अंशांच्या खाली मऊ राहावं म्हणून बनवलेलं असतं. दापोलीला एखाद्या पहाटे पारा एक आकडी येत असेल, गुहागरला पावसाळ्यात २५ च्या खाली फारसा जात नाही. त्या उष्णतेत हे रबर जास्तच लवचीक होतं, बारीक खाचांचे तुकडे ब्रेक मारताना वाकतात, गाडी थांबायला जास्त अंतर घेते, घाटात वळणावर लिबलिबल्यासारखी वाटते आणि टायर खोडरबरासारखा झिजतो. बर्फाच्या खाचा आणि पाणी फेकणाऱ्या नळ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दादांची गल्लत तिथे होतेय.

टायरवर डॉट (DOT) या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचा. टायर बनल्याचा आठवडा आणि साल असतं.

आंबोळीघावनं:

रे बाबा, थंडीचे टायर तुका कित्याक होये? हंय थंडीच खंय पडता!

घाटउतार:

टायर सोडा, रिम सोडू नका. खरा माल तोच आहे.

हिशेब करून बघा. २८५ चे ४० टक्के म्हणजे ११४ मिमी रबराची भिंत. २५५ चे ५५ टक्के म्हणजे १४०. खड्डा आणि रिम यांच्यामध्ये एक इंच जास्त रबर आलं. आणि चाकाची एकूण उंची २१ ला ७६१ मिमी, १९ ला ७६३, त्यामुळे स्पीडोमीटरला पत्ताही लागणार नाही. शिवाय रुंदी ३० मिमीने कमी. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, अरुंद टायर पाणी कापतो. वरातीत फोटो कमी निघतील एवढंच.

पण पेट्रोल आणि डिझेलच्या ब्रेकच्या डिस्क वेगवेगळ्या मापाच्या असू शकतात, तेव्हा "हेच मॉडेल" यावर विसंबू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीतल्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये १९ चा साइज दिलाय का बघा. तुमच्याकडे गणपतीचे कारखाने आहेत, बोराएवढी शाडू आणा, कॅलिपरवर (ब्रेकची डिस्क पकडणारा चिमटा) दोन-तीन जागी चिकटवा, चाक लावून हाताने एक फेरा फिरवा. उरलेली शाडू ३ मिमीपेक्षा पातळ दिसली तर विषय संपला. बोल्टची बैठकही (बोल्ट रिमला टेकतो तो भाग) जुळवून घ्या, गोल बैठकीच्या रिमला शंकूचा बोल्ट लावू नका.

नवे टायर घेताना भार क्रमांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) बघा. १११ म्हणजे टायरमागे १०९० किलो. युरोपचं लेबल असेल तर ओल्या रस्त्याची पकड ए (A) ते ई (E) अशा पाच दर्जांत असते, तुमच्यासाठी पहिला दर्जा. आणि एक शंका: गेल्या वर्षी दोनच नवे टायर घातलेत ना? चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत दोन नवे आणि दोन झिजलेले असले की घेर वेगळे पडतात आणि मधला डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) फुकटचा राबतो. या वेळी चारही एकदम घ्या.

चिरेबंदी:

सगळ्यांचे आभार. दोनच घातले होते, पकडलंत.

दाराच्या स्टिकरवर २५५/५५ आर १९ आहे, हवेच्या दाबासकट. शाडूचा प्रयोग ओटीसमोर केला, बघायला अर्धी वाडी. सगळ्यात पातळ जागी दोन नाणी रचावीत एवढी शाडू उरली, म्हणजे बसतात. बोल्टही जुळले. टायरवर आकडा निघाला ३८१७, २०१७ च्या सप्टेंबरातले. ते बघून दादा पण गप्प झाला.

नवे चार सांगितलेत, साधे उन्हाळी (म्हणजे बर्फाचे नसलेले), भार क्रमांक १११ चे. २१ ची चाकं माडीवर ठेवतोय, लग्नसराईत काढू. बर्फाचे टायर वेलदूरच्या एका मित्राने होडीच्या कडेला बांधायला मागितलेत. दादाला अजून सांगितलेलं नाही.