श्रावण सोमवार: माहेरचे धरू की सासरचे?

रावेरची सून
माझं माहेर मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर, सासर जळगाव जिल्ह्यातलं रावेर. फार लांब नाही. पण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन येतो, 'सावन लागला, सोमवार धर.' इकडे सासूबाई म्हणतात, 'अजून आषाढ आहे, दिव्याची अवस होऊ दे.' आणि राखी मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी! व्रत मनापासून करायचंय. खरा श्रावण कोणता?

गुरुजी, एरंडोल
ताई, दोन्ही खरे. महिना कुठे संपवायचा एवढाच फरक. आपला अमावस्येला संपतो, तिकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षाचं, म्हणजे अमावस्येनंतरच्या पंधरवड्याचं, नाव दोन्हीकडे तेच, म्हणून राखी एकच. वद्य पक्षाला, म्हणजे पौर्णिमेनंतरच्या पंधरवड्याला, मात्र ते पुढच्या महिन्याचं नाव देतात. आपला आषाढ वद्य तो त्यांचा श्रावण. पोळा आपल्याकडे श्रावणी अमावस्येला, तिकडच्या पंचांगात तीच भाद्रपदाची. बैल धुवायचे, शिंगं रंगवायची ती त्याच दिवशी.

मी म्हणेन, सोमवार सासरचेच धरा. नवीन लग्न असेल तर पाच वर्षं शिवामूठ, म्हणजे श्रावणी सोमवारी शंकराला मूठभर धान्य, वाहावी लागेल, आणि तांदूळ, तीळ, मूग, जवस हा तिचा क्रम आपल्या श्रावणाच्या पहिल्या सोमवारपासून सुरू होतो. आईचं मनही मोडत नाही. राखीआधीचा पंधरवडा दोन्हीकडे श्रावणच असतो, त्यातले सोमवार मायलेकींचे एकत्रच होतात.

धरणगावकर
राम राम गुरुजी. कॅलेंडरात मधूनच एखादी तिथी गायब असते, ती जाते कुठे?

गुरुजी, एरंडोल
चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी झाली. त्याची चाल सारखी नसते, म्हणून तिथी कधी १९-२० तासांत उरकते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची. एखादी तिथी सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयाआधीच संपली, तर तिला दिवसच मिळत नाही. तो तिथीचा क्षय.

मुहूर्त काढताना सूर्योदय आपल्या गावचा धरा, भाऊ. जळगावला सूर्य मुंबईपेक्षा साधारण दहा मिनिटं आधी उगवतो. सोमवारचा राहुकाळ, म्हणजे अशुभ मानलेली वेळ, ७.३० ते ९ असा सर्रास सांगतात, पण तो सहाचा सूर्योदय आणि बारा तासांचा दिवस धरून. श्रावणात आपला दिवस बारा तासांहून मोठा असतो. त्याचे आठ भाग करा, सोमवारी त्यातला दुसरा.

रावेरची सून
गुरुजी, शिवामुठीचं यंदा पहिलंच वर्ष आहे. आईला आजच कळवते.