रांगते बाळ, मांजर आणि माशांची टाकी असलेल्या घरात टिकाऊ कीटकनाशकाची फवारणी कशी करावी?

प्रश्न (पायरी):
रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावला की सिंकखालून लहान, तांबूस झुरळे पळताना दिसतात. डब्यातला तयार स्प्रे महिनाभर वापरला. समोर दिसलेले झुरळ त्याने मरते, पण दोन दिवसांनी पुन्हा तितकीच दिसू लागतात. म्हणून आता पाण्यात मिसळून पंपाने मारायचे आणि सुकल्यावर पृष्ठभागावर टिकून राहणारे डेल्टामेथ्रिन २.५ टक्के एससी आणले आहे. घरात ९ महिन्यांचे रांगणारे बाळ आहे, मांजर आहे आणि बैठकीच्या खोलीत माशांची टाकी आहे. या औषधाला जवळजवळ वास नाही, तेव्हा ते निर्धोक समजावे का? फरशीवरही फवारावे का, आणि त्यानंतर फरशी कधी पुसावी?

प्रतिसाद (निशाचर):
वासावरून काहीही ठरवू नये. उग्र वास बहुधा औषध ज्यात विरघळवलेले असते त्या द्रवाचा असतो. एससी प्रकारात औषधाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, म्हणून त्याला वास येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात डेल्टामेथ्रिन ‘मध्यम धोकादायक’ गटात मोडते. ते कीटकांच्या मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या (सोडियम आत-बाहेर जाण्याची सूक्ष्म दारे) बंद होऊ देत नाही. माणसाचे शरीर त्याचे बऱ्यापैकी लवकर विघटन करते, परंतु दिवसभर जमिनीवर हात टेकवून तेच हात तोंडात घालणाऱ्या बाळाच्या बाबतीत त्यावर विसंबून राहणे मला पटत नाही.

म्हणून फरशीभर फवारणी अजिबात करू नका. तिची गरजही नाही, कारण झुरळ दिवसाचा बहुतेक वेळ फटीत काढते. सिंकचा पाइप भिंतीत शिरतो तिथले भोक, कपाटाच्या बिजागऱ्यांमागची चीर, फ्रीजमागे भिंत आणि फरशी मिळतात ती कड, एवढ्याच जागा घ्याव्यात. ओटा, भांडी, खेळणी, अंथरूण आणि विजेचे बोर्ड पूर्णपणे वगळावेत. पंपाचा दाब कमी ठेवून तोटी फटीजवळ न्यावी. बारीक धुके उडाले तर ते श्वासात जाते आणि नको तिथे जाऊन बसते. पृष्ठभाग ओला दिसावा, पण ओघळ येऊ नयेत. नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, चष्मा आणि मास्क वापरावा. तरीही मनगटावर किंवा गालावर मुंग्या आल्यासारखे चुरचुरले, तर साबण आणि थंड पाण्याने धुवावे. ही चुरचुर सहसा २४ तासांत जाते.

माशांना हे औषध अत्यंत विषारी आहे. टाकी दुसऱ्या खोलीत असली तरी मधले दार लावून घ्या, टाकी झाका आणि फवारणीपुरता हवेचा पंप बंद ठेवा. तो खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे नुसते झाकण पुरत नाही. खिडक्या उघड्या ठेवून सगळे पूर्ण सुकेपर्यंत बाळाला आणि मांजराला त्या खोलीत येऊ देऊ नका. पुढे फरशी नेहमीसारखी पुसता येईल, मात्र फवारलेली कड ओल्या फडक्याने पुसली तर औषधही पुसले जाईल.

प्रतिसाद (खिडकीतली):
मांजराविषयी थोडी भर घालते. डेल्टामेथ्रिन ज्या पायरेथ्रॉइड गटात मोडते, त्या औषधांचे विघटन करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता कमी असते. कुत्र्यांच्या पिसवांसाठी असलेले परमेथ्रिनचे थेंब मांजराला लावल्याने मांजरे दगावतात, ते याच कारणाने. मांजर ओल्या जागेवरून चालते आणि मग पंजे चाटून साफ करते. लाळ गळणे, अंग थरथरणे किंवा झटके दिसले, तर औषधाच्या बाटलीसह त्याला लगेच पशुवैद्याकडे न्यावे.

पायरी:
दोघांचेही आभार. लेबलवर १ लिटर पाण्याला १० मिलि अशी मात्रा दिली आहे. उपद्रव जास्त असल्यामुळे २० मिलि घातले तर चालेल का? उरलेले द्रावण पुढच्या वेळेसाठी ठेवता येईल का?

प्रतिसाद (उलट हिशेब):
दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. २.५ टक्के याचा अर्थ लिटरमागे २५ ग्रॅम औषध, म्हणजे १० मिलिमध्ये पाव ग्रॅम. लेबलवरची मात्रा एवढ्याच औषधाचा विचार करून ठरवलेली असते. ती दुप्पट केल्याने घरातल्यांचा संपर्क दुपटीने वाढतो, पण या लहान झुरळांच्या अनेक वसाहती पायरेथ्रॉइडांना सरावलेल्या असल्यामुळे फायदा त्या प्रमाणात वाढेलच असे नाही. शिवाय मादीच्या एका अंडकोशात, म्हणजे अंड्यांच्या कवचबंद पुडीत, ३० ते ४० अंडी असतात आणि त्याच्या कवचातून फवारा आत पोहोचत नाही. त्यामुळे काही आठवड्यांनी नवी पिल्ले दिसली, तर फवारणी फसली असे समजून लगेच पुन्हा मारू नका. बाहेर पडलेल्या पिल्लांनाही ती औषधावरून चालतानाच गाठायची असते.

माझी स्वतःची चूक सांगतो. झुरळांनी खाऊन मरावे म्हणून लावायच्या विषारी जेलचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके फटींत लावले होते आणि आठवड्याने ‘आणखी जोर यावा’ म्हणून त्यांच्यावरच फवारा मारला. झुरळांनी जेलला तोंड लावले नाही, ठिपके जसेच्या तसे वाळून गेले आणि झुरळे शेजारच्या खोलीतल्या कपाटात जाऊन राहिली. रांगत्या बाळाच्या घरात मी तर आधी जेलच वापरीन, तेही खोल फटीत, बोट पोहोचणार नाही अशा ठिकाणी; आणि जेथे जेल तेथे फवारा नाही.

द्रावण त्या दिवशी लागेल तेवढेच बनवा. पंप तीनदा विसळून ते पाणी फवारलेल्या जागीच मारा, मोरीत ओतू नका. मूळ औषध त्याच्याच बाटलीत, लेबलसह, कुलपात ठेवा. ते पिण्याच्या बाटलीत कधीही काढू नये. कोणाच्या पोटात गेलेच, तर स्वतःहून उलटी करवू नका, लेबल घेऊन तडक डॉक्टरांकडे जा.

पायरी:
आज सिंकखालचे कपाट पुढे ओढले. मागच्या फळीच्या खाचेत तपकिरी अंडकोशांची रिकामी कवचे पडलेली होती आणि पाइपचा सांधा ठिबकत होता. ती कवचे खरवडून काढून टाकली, सांध्याचे वायसर बदलले आणि खाचेत जेल लावले. फवारणी सध्या फक्त फ्रीजमागच्या कडेला करणार आहे. त्या दिवशी बाळ आणि मांजर दोघेही आजीकडे असतील.