ड्रम्सने वाट लागत नाही हो
कुणीतरी म्हटलंय की गेलिक (स्कॉटलंडची जुनी भाषा) गाण्यांत ड्रम्स-कीबोर्ड घातले की वाट लागते. मला नाही पटत. स्कॉटलंडचा कॅपरकेली बँड ऐका ना, १९८४ पासूनचा, डोनाल्ड शॉचं अकॉर्डियन नि कॅरन मॅथिसनचा आवाज, आहाहा. त्यांचं 'कॉशिख अ रूइन' १९९२ मध्ये ब्रिटनच्या टॉप ४० मध्ये (सगळ्यात खपणाऱ्या गाण्यांच्या यादीत) गेलं, स्कॉटिश गेलिकमधलं पहिलंच. मूळ गाणं बायकांचं, विणलेलं ओलं लोकरी कापड टेबलाभोवती बसून आपटायचं, एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी पालुपद धरायचं (आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवतात की नाही?), म्हणजे ठेका आधीपासून होताच, ड्रम्सनी फक्त मोठा केला. नंतरचे काही अल्बम जरा गुळगुळीत वाटले, ते सोडा.