मदत हवी आहे: जाळलेल्या गाड्या, काजळलेली बाटली आणि वितळलेला डीव्हीआर

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात पहाटे पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी दुचाकी गाड्या पेटवून दिल्या. माणसं सुखरूप आहेत. पण खालच्या मजल्यावरच्या मुलाची डिलिव्हरीची गाडी गेली, आणि त्याचं घर तिच्यावरच चालायचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६(च) खाली (आग लावून मालमत्तेचं नुकसान) गुन्हा नोंदवलाय.

पंचनाम्यात एक काचेची बाटली जप्त झाली. गळ्यात कोंबलेली जळकी चिंधी, अंगावर काजळीचा जाड थर. ती साध्या कॅरीबॅगमध्ये घालून नेली, तेव्हापासून मला चैन नाही. मी रसायनशास्त्र शिकवते. पेट्रोलची वाफ पातळ पॉलिथिनमधून निसटते. असा नमुना हवाबंद पत्र्याच्या डब्यात किंवा खास नायलॉनच्या पिशवीत ठेवायचा असतो, नाहीतर गॅस क्रोमॅटोग्राफीत (वाफेतले घटक वेगळे करून ओळखायच्या तपासणीत) दिसायला काही उरत नाही. शिवाय फरशीवर पेट्रोल सापडलं तरी टाक्या फुटल्याच होत्या, त्यामुळे त्यातून फारसं सिद्ध होणार नाही. सगळी भिस्त बाटलीवर आहे.

काजळी बसली म्हणजे बोटांचे ठसे गेले, असं इथे सगळे धरून चाललेत. ते खरं नाही. काजळीखाली ठसे टिकू शकतात. चिकटपट्टीने किंवा सिलिकॉनचा साचा घेऊन वरचा थर हळूहळू उचलतात. चिंधीचा गळ्यात घट्ट बसलेला भागही पुष्कळदा पूर्ण जळत नाही, तिथे डीएनए मिळण्याची आशा असते. फक्त कुणी ती बाटली पुसायला नको!

फॉरेन्सिक किंवा पोलीस खात्यात काम केलेल्यांना विचारायचंय: बाटली नीट सीलबंद करून प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवा, असा लेखी अर्ज फिर्यादीने तपास अधिकाऱ्यांकडे द्यावा का? ठसे, डीएनए आणि ज्वलनशील द्रव या तिन्ही तपासण्या नावानिशी मागाव्यात का? सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी यावं, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे. आमच्याकडे अजून कुणी आलेलं नाही. अर्जात तिचा उल्लेख करावा का?

मीटररूममधल्या डीव्हीआरचं (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) वरचं प्लास्टिक वितळलंय, आतली हार्ड डिस्क मात्र जागेवर दिसते. दुकानदार म्हणतो, "जोडून बघू." मी हात लावू दिलेला नाही. तो तसाच पोलिसांकडे द्यावा ना?

रविवारी टँकर बोलावून पार्किंग धुवायचं कमिटीने ठरवलंय. कृपया त्याआधी उत्तर द्या.